आगकाड्यांची मौज : मूक सचेतनपटांतील न विटणारे हसू

(विंचूर, जि. नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

निर्जीव वस्तू किंवा कागदावरची आकृती पडद्यावर आपणहून हालू-चालू लागते अशा चित्रपटाला मराठीत सचेतनपट म्हणतात, आणि चित्रपटाला आवाज मिळण्यापूर्वीचे, म्हणजे ढोबळमानाने १९०६ ते १९२८ या काळातले असे पट ते मूक सचेतनपट होत. ते दोन मिनिटांपासून दहा-बारा मिनिटांपर्यंतचे, कथेच्या दृष्टीने अगदी किरकोळ आणि बहुतांशी विनोदी असत. त्याच काळातले अनेक गंभीर मूकपट आज पाहताना प्रेक्षकाला काळाचे भान ठेवून समजून घ्यावे लागतात, कारण त्यांतले हातवारे भडक वाटतात आणि करुण प्रसंगी नको तिथे हसू फुटते. पण १९०८ सालच्या पटातला रेघांचा माणूस धडपडला की सहा वर्षांचा नातू आणि सत्तरीचे आजोबा एकाच क्षणी हसतात. हे हसू इतके टिकाऊ कशाने झाले, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे उत्तर पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील पटांत शोधता येतेच, परंतु ते अधिक स्पष्टपणे याच जिल्ह्यात सापडते, कारण धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी आपल्या नाशिकच्या मुक्कामात, १९१५ साली, ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा एक छोटा पट तयार केला होता आणि त्यातली पात्रे म्हणजे काडेपेटीतल्या काड्या होत्या.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले, आणि पुढे छायाचित्रण, छपाई, नेपथ्य असे अनेक उद्योग करीत असतानाच त्यांनी जादूचे प्रयोग करण्याची विद्याही कमावली. जादूगार म्हणून त्यांनी घेतलेले नाव ‘प्रोफेसर केळफा’ असे होते. ‘फाळके’ हा शब्द शेवटाकडून वाचला की ‘केळफा’ होतो. आडनाव उलटे करून नवा माणूस उभा करण्याची ही खोड त्यांच्या साऱ्या कामाची खूण म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ओळखीची वस्तू थोडी फिरवून ठेवली की ती अनोळखी आणि मजेदार होते, ही गोष्ट त्यांना कॅमेरा हाती येण्याआधीच उमगलेली होती.

१९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी सर्वांत आधी जे चित्रित केले, ते ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखले जाते. कुंडीत वाटाणे पेरून, कॅमेरा एका जागी रोवून, महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत गेल्यामुळे पडद्यावर तो वेल काही क्षणांतच मातीतून डोके काढून वर चढताना दिसला, आणि तो पाहूनच भांडवल देणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. विंचूरच्या श्रोत्यांना यातले मर्म वेगळे समजावून द्यावे लागू नये. कांद्याचे रोप वाढताना कोणीही पाहत नाही. शेतकऱ्याला दिसतो तो परवाच्या आणि आजच्या पातीतला फरक, आणि त्या फरकावरून तो मधली वाढ मनाशी जुळवतो. सचेतनपट पाहणाऱ्याचा डोळा हेच काम एका सेकंदात अनेक वेळा करतो. दोन स्थिर चित्रांमध्ये जी हालचाल नसतेच ती मेंदू स्वतः भरून काढतो, या गोष्टीचा प्रयोगसिद्ध अभ्यास माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीत प्रसिद्ध केला तो याच १९१२ साली, हा एक सुंदर योगायोग म्हणावा लागेल.

आता काड्यांकडे वळावे. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायच्या दांड्यावर चाले. दांडा एकदा पूर्ण फिरला की साधारणपणे आठ चौकटी, म्हणजे फितीवरची आठ छोटी चित्रे उमटत, आणि सेकंदाला दोन फेरे या हिशेबाने सोळा चौकटी होत. माणसांचा अभिनय टिपताना दांडा अखंड फिरता ठेवावा लागे. काड्यांसाठी मात्र एक चौकट उमटवून थांबायचे, काडी जराशी सरकवायची, हात चौकटीबाहेर घ्यायचा, पुन्हा एक चौकट उमटवायची, असा क्रम. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चौकटी मावतात, म्हणजे सेकंदाच्या मौजेला एक फूट फीत आणि सोळा वेळा सरकवलेली काडी, तर एका मिनिटाला नऊशे साठ चौकटी. एका स्थितीची दोन-दोन चित्रे घेऊन श्रम निम्मे केले तरी मिनिटाला चारशे ऐंशी वेळा हात पुढे न्यायचा आणि मागे घ्यायचा. त्यातच एखादी काडी चुकून गडगडली किंवा उन्हाची तिरीप बदलली, तर सगळे पहिल्यापासून.

काडेपेटीचा खण उघडताना एरवी बोटाचा रेटा लागतो; इथे तो खण आपोआप बाहेर सरकतो, अशी कल्पना करावी. एक काडी अर्धी उचलली जाते, तिचे गूल म्हणजे जणू डोके, ते डावीकडे वळते, उजवीकडे वळते, आणि मग बाकीच्या काड्या एकामागून एक बाहेर पडून रांग धरतात. चार काड्यांचे हातपाय आणि एका काडीचे धड जुळले की समोर काडीपैलवान उभा. असे दृश्य उभे करायला रंगभूषा लागत नाही, चेहरा लागत नाही, शब्द तर नाहीतच. काडीला फक्त दोन गुण आहेत, ती ताठ आहे आणि तिला एका टोकाला डोके आहे. ती वाकू शकत नाही, म्हणूनच ती बसायला गेली की अख्खी आडवी होते, आणि नेमके तिथे हसू येते. मराठीत ‘काडीची किंमत’, ‘काडीमोल’, ‘काडीचाही उपयोग नाही’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत, आणि दुसऱ्याच्या कामात खोडसाळपणे ढवळाढवळ करण्याला तर ‘काड्या करणे’ म्हणतात. जिला भाषेने इतके क्षुद्र ठरवले ती वस्तू पडद्यावर एकटीने सत्ता गाजवते, हे या पटाच्या नावातच दडलेले गमतीचे बीज मराठी प्रेक्षकाला न सांगता कळले असणार.

फाळके या छोट्या पटांकडे वळले त्याला परिस्थितीचेही कारण होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटले, कच्ची फीत मिळणे कठीण झाले आणि भांडवल आखडले. पन्नास-पाऊणशे माणसांचा लवाजमा, वेष, देखावे आणि जनावरे लागणारा पौराणिक पट अशा वेळी परवडत नसे, आणि काड्या मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत. शिवाय विनोदी तुकडा हा तेव्हाच्या खेळाचा अविभाज्य भाग होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा जाहिरातीत त्याच्याबरोबर नृत्य, पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू आणि विनोदी प्रवेश यांचीही नावे छापलेली होती. ‘विचित्र शिल्प’ आणि नाण्यांना जिवंत करणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ हे पटही याच काळातल्या प्रयोगांपैकी होत. तथापि अडचणीतून सुचलेली तडजोड एवढेच त्यांचे मोल धरले तर ते अन्यायाचे होईल, कारण पुढच्या मोठ्या पटांतल्या करामतीचा सराव या काड्यांमध्येही झाला असावा.

या व्याख्यानातील मुख्य प्रतिपादन इथेच सुरू होते. नाट्यशास्त्रकार भरतमुनींनी हास्यरसाचा उगम शृंगारात दाखवला. शृंगाराची विकृत नक्कल झाली की हास्य उपजते, असा त्यांचा विचार, आणि विकृत वेष, विकृत आकार, असंबद्ध बोलणे ही त्याची कारणे. मराठी फार्स आणि तमाशातली बतावणी या व्याख्येत अगदी चपखल बसते. मूक सचेतनपटांचे हास्य मात्र तिच्यात बसत नाही, कारण काडी कोणाचीच थट्टा करत नाही. तिचे हास्य अद्भुतरसाच्या पोटी जन्मले आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये फाळके यांनी हनुमंताला आकाशातून उडताना दाखवले, आणि पडद्यावर प्रभू रामचंद्र आले की लोक पायांतले जोडे काढून हात जोडत, असे तेव्हाचे वर्णन सांगितले जाते. उडणारा हनुमान आणि चालणारी काडी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, कॅमेऱ्याच्या युक्त्यांवर उभ्या केल्या. अशक्य ते देवाने केले की हात जुळतात, आणि तेच काडीने केले की हसू येते. प्रेक्षकाच्या मनातली उसळी दोन्हीकडे एकच असते, ती कोठे टेकायची ते समोरची वस्तू ठरवते. १९१९ च्या ‘कालियामर्दन’च्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटत जातात आणि मग त्याच चेहऱ्याच्या ठिकाणी बाळकृष्ण दिसू लागतो, तिथे अद्भुत आणि हास्य यांच्यामधली भिंत इतकी पातळ आहे की भाविक आणि बालक दोघेही तोच प्रसंग आपापल्या परीने आनंदाने पाहतात.

आंरी बेर्गसाँ या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १९०० साली हास्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला की आपण हसतो, असे मत मांडले. केळीच्या सालीवरून घसरणारा गृहस्थ त्या सूत्राने चांगला उलगडतो. काड्यांच्या बाबतीत सूत्र उलटे करावे लागते, कारण इथे जड वस्तूच माणसासारखी वागते, आणि हसणाऱ्याच्या मनात तिच्याविषयी तुच्छता येत नाही, उलट आपुलकी येते. चेष्टेच्या हास्याला कोणीतरी खाली पडावा लागतो आणि पिढी बदलली की तो पडणारा ओळखूही येत नाही. आपुलकीच्या हास्याला अशी अट नाही.

अशा गमतीची ओढ महाराष्ट्राला चित्रपटामुळे लागली असे मात्र नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशात मोठी करून पडद्यावर पाडायची, आणि पट्ट्या झपाझप बदलून किंवा एकीवर दुसरी सरकवून त्यांतल्या आकृत्यांना हालवायचे, असे त्यांचे तंत्र होते. विनायक आणि रामचंद्र हे त्यांचे मुलगे या कामात बरोबर असत. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या जोडीला सर्कशीतल्या कसरतींची चित्रेही त्यात होती, म्हणजे अद्भुत आणि हास्य इथेही शेजारी नांदत होते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे. आगकाड्या पाहायला बसलेला प्रेक्षक असा तयार होता.

फाळके या प्रांतात पहिले नव्हते, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०६ मध्ये फळ्यावरच्या खडूच्या चेहऱ्यांना डोळे मिचकवायला लावले होते, आणि फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ च्या ऑगस्टमध्ये ‘फांतास्मागोरी’ हा पट दाखवला. कोल यांनी त्यासाठी सुमारे सातशे चित्रे काढली, ती कागदावर काळ्या रेघेने काढून फितीवर उलट्या रंगांत छापली, म्हणजे काळ्या पाटीवर पांढरी रेघ चालल्यासारखी दिसते. पट जेमतेम दोन मिनिटांचा, आणि त्यात बाटलीचे फूल होते, फुलाचा हत्ती होतो, हत्तीचे घर होते. कोणतीही वस्तू आपल्या रूपाशी फार काळ प्रामाणिक राहत नाही. त्याच वर्षी कोल यांनीही काड्यांचा एक पट केला होता. एकच साधी वस्तू दोन खंडांतल्या दोन कारागिरांना खुणावते, यावरून काडीचीच थोरवी कळते.

विन्सर मॅके यांचे १९१४ सालचे ‘गर्टी’ हे डायनोसॉरचे पोर याहून एक पाऊल पुढचे. हजारो चित्रे मॅके यांनी हाताने काढली आणि प्रत्येक चित्रात मागची टेकडी व पाणी एका तरुण मदतनिसाने नव्याने गिरवले, म्हणून ती टेकडी पडद्यावर किंचित थरथरते. रंगमंचावर मॅके चाबूक घेऊन उभे राहत आणि पडद्यावरच्या गर्टीला आज्ञा देत. ती पाय उचले, हट्ट करी, रागावले की रडे. इथे पहिल्यांदा रेघांच्या प्राण्याला स्वभाव मिळाला, आणि त्याच्या रडण्यावर हसताना प्रेक्षकाला किंचित वाईटही वाटले. वर वाखाणलेल्या अन्य पटांपेक्षा हा पट अधिक उंचीचा आहे, असे निःसंकोच म्हणता येते.

१९१९ मध्ये ऑटो मेस्मर यांनी रेखाटलेला आणि पॅट सुलिव्हन यांच्या चित्रशाळेतून आलेला फेलिक्स हा काळा बोका याच कुळातला. त्याला आश्चर्य वाटले की डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटे, आणि पुढच्या क्षणी तो तेच चिन्ह हाताने उतरवून त्याचा आकडा करी. शेपटी सोडवून घेऊन ती काठीसारखी वापरी. बोलता येत नाही या अडचणीतूनच ही युक्ती निघाली. ज्या जगात आवाज नाही तिथे विरामचिन्हही वस्तूच, आणि वस्तू म्हटली की ती उचलून कामाला लावता येते. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘स्टीमबोट विली’ आवाजासह आला आणि काही वर्षांतच फेलिक्सची सद्दी संपली. आवाजाने सचेतनपटाला पुष्कळ दिले, पण प्रश्नचिन्हाचा आकडा करण्याची गरज त्याने काढून घेतली, ही हानी लहान नव्हे.

हास्याचे टिकणे पारखायचे तर शाब्दिक विनोदाशी तुलना उपयोगी पडते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ आणि गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ ही मराठी विनोदाची मानाची पाने आहेत, आणि ती साधारणपणे मूक सचेतनपटांच्याच काळात लिहिली गेली. परंतु त्यांतल्या कोट्या, तेव्हाच्या सभा, सुधारक-सनातनी वाद आणि लग्नाच्या रूढी आजच्या विद्यार्थ्याला टिपांसकट वाचाव्या लागतात. हा त्या लेखकांचा दोष नव्हे. शब्द ज्या समाजात रुजतो त्या समाजाबरोबर तो म्हातारा होतो. याउलट शि. द. फडणीसांची बिनशब्दांची व्यंगचित्रे पाहावीत. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर गाजलेल्या त्यांच्या एका चित्रात तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची छपाई आहे, शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची, आणि छापलेल्या त्या मांजरांना उंदरांचा सुगावा लागलेला आहे. चित्र जागचे हालत नाही, तरी निर्जीव छपाईत अचानक जीव येतो तो क्षण त्यात पकडलेला आहे, आणि म्हणून त्याचे नाते थेट आगकाड्यांशी जुळते.

मूक सचेतनपटांतले सगळेच टिकले असे मानणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात अमेरिकेत असे पट ठरावीक मुदतीने पुरवण्याचे कारखानेच निघाले, त्यांतले अनेक पट पाठलाग, आपटणे आणि परत पाठलाग यांच्यापलीकडे जात नाहीत, आणि काहींमध्ये कृष्णवर्णीयांची आणि परदेशी माणसांची जी हिणकस चित्रे आहेत ती आज पाहवत नाहीत. नीट पाहिले तर शिळा झालेला भाग तोच आहे, ज्यात कोणा माणसाला खाली पाडून हसवले गेले. वस्तूने आपल्या गुणधर्माला धरून केलेली गंमत शिळी झाली नाही.

मराठी मुलखात हा धागा पुढे तुटक तुटक चालला. पुण्याच्या प्रभात कंपनीत १९३४ मध्ये रघुनाथ केळकर यांनी ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा रेखाचित्रपट केला, आणि पुढे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये सचेतनपटांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. फाळके स्वतः १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे निवर्तले, तेव्हा त्यांच्या काड्यांची आठवण फारशी कोणाला राहिलेली नव्हती. ‘आगकाड्यांची मौज’ची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फीत नायट्रेटची असे, ती काडीइतकीच झटकन पेट घेई, आणि पेटली नाही तरी दमट हवेत चिकट होऊन तिची पूड होई. फाळके यांच्या पटांपैकी ‘राजा हरिश्चंद्र’, ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे काही भाग आणि ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग वाचला, तसेच ते स्वतः चित्रीकरण करताना दिसतात असा ‘चित्रपट कसा तयार करतात’ या पटाचा तुकडाही. काड्या मात्र गेल्या.

पौराणिक पट गेला की त्यातले नट, वेष, देखावे आणि तो काळ यांच्यासह कायमचा जातो. काड्यांच्या पटाचे तसे नाही. त्याचे पात्र आजही दुकानात मिळते, त्याचे तंत्र पूर्णपणे ठाऊक आहे, आणि ते उघड असूनही हसू ओसरत नाही, कारण काडी आपोआप चालत नाही हे प्रेक्षकाला आरंभापासून माहीत असते आणि ते माहीत असतानाच तिचे चालणे त्याला दिसते. त्र्यंबकच्या माणसाने नाशिकात केलेली ही गोष्ट जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या विंचूरमध्ये, लासलगावात, निफाडात पुन्हा घडवता येण्यासारखी आहे, आणि तसे घडावे अशी या व्याख्यानाच्या निमित्ताने शाळांना विनंती आहे. फाळके यांच्या जयंतीला त्यांच्या तसबिरीला हार घालण्याबरोबरच मुलांच्या हाती एक काडेपेटी द्यावी. मोबाइल एका तिवईवर घट्ट बांधावा, खिडकी बंद करून एकच दिवा लावावा, आणि काडी दर वेळी गव्हाच्या दाण्याएवढी सरकवून चित्र घेत जावे. सेकंदाला बारा चित्रे धरली तर दहा सेकंदांच्या मौजेला एकशे वीस चित्रे लागतात, म्हणजे पाच-सहा मुलांचे एका दुपारचे काम. काड्यांची गुले मात्र आधी पाण्यात भिजवून शिक्षकांनी खरवडून काढावीत आणि त्या जागी तांबड्या रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे काडीचे डोकेही राहते आणि ती लहान हातांत निर्धोकपणे देता येते.